काटे वर, तेल खाली

३ मार्च, सोमवार

आजपासून फोर्कलिफ्टची देखभाल माझ्याकडे. मागून घेतली. गोदाम सासरेबुवांचं, फरशांचं. मी तिथे पाच वर्षं नुसती खुर्ची उबवतोय, असं मेहुणीचं मत. शनिवारी सुरक्षा दिन. त्याच दिवशी सासरेबुवा सांगणार, पुढे गोदाम कोणी सांभाळायचं, मी की मेहुणीने.

काल हायड्रॉलिक्सवरचे तीन व्हिडिओ पाहिले. दोन पूर्ण पाहिले. विषय सोपा आहे. पंप तेल ढकलतो, तेल वजन उचलतं. बाकी सगळा उगाच बाऊ.

डिपस्टिक बुडवून पाहिली. तेल दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये. काठी शर्टाला पुसली. त्यावरून घरी बोलणी खाल्ली.

संकल्प: रोज स्वतः तेल तपासणे. कोणावर चिडणे नाही.

४ मार्च, मंगळवार

‘सुरक्षा प्रथम’ असा झकास बॅनर करून आणला. टांगायला जागा मिळेना. शेवटी मलाच सुचलं. फोर्कलिफ्टचे पुढचे दोन काटे माणसाच्या डोक्याच्या वर नेले आणि त्यांनाच बॅनर बांधला. दारातून शिरलं की पहिला तोच दिसतो. डुलकी कुरकुरला. डुलकी म्हणजे आमचा फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर, दुपारी सीटवरच पेंगतो. मग माल काय डोक्यावरून वाहायचा, म्हणे. चार दिवस हातगाडी वापर म्हटलं. काम टाळायला निमित्तच हवं असतं यांना.

टाकीजवळ माझा फोटो चिकटवला. खाली ‘देखभाल प्रमुख’. तिथे बारीक अक्षरांची कसलीशी पत्र्याची पाटी होती, ती झाकली गेली. मशीन एकदम सुटसुटीत दिसायला लागलं.

५ मार्च, बुधवार

तेल कमी! खालच्या खुणेच्याही खाली!

जमीन कोरडी ठणठणीत, म्हणजे गळती नाही. मग तेलाला काय पाय फुटले? मशीनजवळ दिवसभर कोण असतं? डुलकी. पण पुराव्याशिवाय बोलायचं नाही. गुपचूप एक कॅन ओतला. लेव्हल बरोबर. माझ्यामुळे मशीन वाचलं. कोणाला त्याचं काही नाही.

६ मार्च, गुरुवार

सकाळी बॅनर हातभर खाली आलेला. म्हणजे रात्री कोणीतरी मशीनला हात लावला. मशीन आपोआप थोडंच खाली येतं? (तिसऱ्या व्हिडिओत असं काहीतरी होतं, पण तो मी जेवताना पाहिला.) काटे पार छताला नेले. मग तेल तपासलं. पुन्हा कमी! माझ्या डोळ्यांदेखत!

डुलकीला फाटकाशी सगळ्यांसमोर उभा केला आणि तेलचोर म्हटलं. मी काय तेल पितो की डोक्याला चोपडतो, असं तो विचारायला लागला. चोराच्या उलट्या बोंबा. जागच्या जागी काढून टाकला. घरी काय सांगू, एवढंच विचारून गेला. सांग म्हटलं, डिपस्टिक खोटं बोलत नाही.

चिडलो अजिबात नाही. आवाज तेवढा मोठा झाला.

आणखी एक कॅन ओतला. खबरदारी म्हणून डिपस्टिक झाकणासकट घरी आणली. टाकीच्या तोंडात फडकं कोंबलंय.

७ मार्च, शुक्रवार

डिपस्टिक उशाखाली ठेवली होती. अभ्रा गेला. बायको भडकली, पण अभ्र्यावरून नव्हे, डुलकीवरून. आपल्या लग्नात पहाटेपासून सामान वाहिलं त्याने, साधा चमचा इकडचा तिकडे झाला नाही, म्हणाली. झोपायला दुसऱ्या खोलीत गेली.

काठी बरोबर नेऊन तपासलं, आज तेल जागच्या जागी. चोर गेला, चोरी थांबली. आणखी काय पुरावा हवा?

८ मार्च, शनिवार

सासरेबुवा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. मी हायड्रॉलिक्स समजावून सांगितलं. माना डोलावल्या त्यांनी. मग म्हणाले, बॅनर उतरवा आता, मशीन माल कसा उचलतं ते दाखवा. ड्रायव्हर कुठे आहे, म्हणाले. मीच चढलो.

काटे खाली येऊ लागले आणि टाकीतलं फडकं उडालं. मागोमाग तेल. बदाबदा. सासरेबुवा घसरले. मेहुणीने धरलं म्हणून कंबर वाचली. बॅनर तेलात.

पुसताना माझा फोटो सुटून आला. मेहुणीने खालची पाटी मोठ्याने वाचली: ‘काटे जमिनीवर टेकवूनच तेल तपासा.’ मग पुन्हा एकदा वाचली, मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून.

काटे वर गेले की टाकीतलं तेल सिलिंडरमध्ये जातं. खाली आले की परत येतं. म्हणजे तेल मशीनमध्येच होतं, आणि वर मी दोन कॅन ओतले होते.

इतक्या बारीक अक्षरांत लिहितात का सूचना?

९ मार्च, रविवार

गोदाम मेहुणीकडे. ठीक आहे. जबाबदारीचा ताण वाईटच.

बायकोने हाताला धरून डुलकीच्या घरी नेलं. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि आत हाक मारून सांगितलं, तेलचोर पकडणारे साहेब आलेत. मी गैरसमज हा शब्द तीनदा वापरला. डुलकीने ऐकून घेतलं. म्हणाला, पाटीचं मलाही माहीत नव्हतं, मी नुसता चालवतो. पण चोर चारचौघांत म्हणालात, तर माफीही तिथेच मागा.

परत येताना बायकोला विचारलं, भाषणाला माईक लागेल का. वाक्य एकच आहे, म्हणाली.

१० मार्च, सोमवार

मेहुणीने डुलकीला परत कामावर घेतलंय. फाटकाशी सगळे जमले होते. वाक्य निम्मं झालं आणि मी खोकायला लागलो. घसा परवापासून बसलेला आहे, हवा बदलते आहे. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

उरलेलं वाक्य म्हटलं. डुलकीने हात पुढे केला. हात मिळवायला म्हणून मीही केला.

त्याला माझ्या काखेतली डिपस्टिक हवी होती.