स्कूटरवर काय काय बसेल

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द इथे नुसती रीत म्हणून लिहिलेला नाही. परवा भर चौकात मी तो खरोखरच घातला. हकीकत पुढे येईलच.) आम्ही दोघं सुखरूप आहोत, बटाटेही बरेचसे सुखरूप आहेत. तुझा घोटा कसा आहे? 'ठीक आहे' असं कळवू नकोस. जिन्यावरून घसरलीस त्या दिवशीही तू फोनवर 'ठीक आहे'च म्हणाली होतीस, आणि मागून डॉक्टर 'प्लास्टर आणा' म्हणून ओरडत होते ते मला ऐकू येत होतं.

तुझं पत्र पोचलं. 'एकटीचं माझं छान चाललंय, मला कुणावर ओझं व्हायचं नाही, आणि माझं शिलाई मशीन तुमच्या घरात मावणारही नाही,' एवढ्या एका वाक्यात तू माझं वर्षभराचं आर्जव निकालात काढलंस. (वाक्य सुबक आहे. तुझ्या टाक्यासारखंच, कुठे उसवायला जागा नाही.) फोनवर हा विषय काढला की तुला गॅसवरचं दूध आठवतं, म्हणून पत्र लिहिते आहे. त्या वाक्याचं उत्तर शेवटी देईन. आधी ओझं म्हणजे काय ते ऐक, कारण त्या विषयात मी सध्या तज्ज्ञ आहे.

स्कूटर मुळात ह्यांची. पण हे स्कूटरवरही ग्रंथालयात बसल्यासारखे बसायचे आणि हिरवा दिवा लागला तरी 'आता लाल होईल' म्हणून थांबायचे. शेवटी मीच शिकले. पन्नाशी उलटलेली बाई स्कूटर शिकतेय म्हटल्यावर गल्लीतल्या लोकांनी आपापल्या कुंड्या आत घेतल्या. (एक बाहेर राहिली. ती आता नाही.) तेव्हापासून घरातलं सगळं सामान मीच वाहते. या विद्येतले माझे गुरू म्हणजे आमचे किराणा दुकानदार, त्यांना सगळे बसेलकाका म्हणतात. तुम्ही कितीही खरेदी करा, काका दुकानाबाहेर येतात, स्कूटरपासून दोन पावलं मागे सरतात, एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "बसेल." आणि बसतं! पिठाचं पोतं पायांशी, तेलाचा डबा पोत्यावर, पिशव्या पुढच्या हुकाला, अंडी डिकीत. (गतिरोधकापर्यंत ती अंडीच असतात.) पाय ठेवायला जागा उरत नाही, म्हणून ते दोन्ही बाजूंना सोडून मी वल्ही मारत आल्यासारखी घरी येते. एकदा शिडी बसली. एकदा अंगाएवढा आरसा बसला, ह्यांच्या पाठीला बांधून. आमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला समोरून तस्साच ट्रक अंगावर येताना दिसला, आणि बिचाऱ्याने बाजूला थांबून स्वतःलाच वाट दिली. आम्ही कोपऱ्यावर वळलो तरी तो तिथेच उभा होता.

आता गादी. (कुणासाठी ते इतक्यात विचारू नकोस.) गुंडाळून उभी केली तर ती ह्यांच्यापेक्षा उंच आणि अंगाने जास्त भरलेली. बसेलकाकांनी डोळा मिटला आणि मांडणी ठरली: पुढे मी, मध्ये गादी, मागे गादीला मिठी मारून हे, आणि बटाट्यांची पिशवी ह्यांच्या मनगटाला. बसलं सगळं. फक्त मला हे दिसेनात आणि ह्यांना जग दिसेना. पहिल्याच सिग्नलला पिशवीचा बंद तुटला, बटाटे घरंगळले आणि हे ते वेचायला उतरले. उतरताना म्हणे त्यांनी मला सांगितलं होतं. पण गादीत तोंड घालून सांगितलेलं कुणाला ऐकू जाणार? दिवा हिरवा झाला आणि मी निघाले.

वाटभर मी ह्यांच्याशी बोलत होते. गळका नळ काढला, जुन्या मासिकांचे ढीग काढले, आमच्या लग्नात त्यांच्या आत्या मला काय बोलल्या होत्या तेही काढलं. मागून चकार शब्द नाही. मला अगदी गहिवरून आलं ग. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी माझं म्हणणं मध्ये न बोलता ऐकून घेतलं होतं! 'जाऊ दे, तसे तुम्ही वाईट नाही,' असंसुद्धा मी बोलून गेले. (नेमकं तेच ह्यांना ऐकायला मिळालं नाही. पुन्हा म्हणणार नाही.) तेवढ्यात चौकात वाहतूक पोलिसाने हात केला.

"बाई, मागे कोण बसलंय?"

मी म्हटलं, "आमचे हे."

त्याने मागे जाऊन पाहिलं, परत पुढे आला आणि फार हळुवारपणे म्हणाला, "बाई, ती गादी आहे."

मी दचकून मागे वळले. स्कूटर कलली, दोरी सुटली, गादी चौकात ऐसपैस उलगडली आणि तिच्यावर मी पालथी. साष्टांग नमस्कार तो हाच. खरचटलंसुद्धा नाही, कापूस इतका मऊ आहे की क्षणभर उठावंसंच वाटेना. चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते. काही वेळाने हे धापा टाकत आले, शर्टाच्या ओटीत बटाटे घेऊन, आणि आधी गादीला मातीबिती लागली का ते पाहून मग माझ्याकडे वळले. पोलीस म्हणाला, "एवढं ओझं कशाला वाहता, बाई? कुणासाठी?" मी काय उत्तर दिलं ते खाली लिहिलंय.

बाकी सर्व क्षेम. जिन्याचा कठडा धरूनच उतर.

तुझी,
धाकटी

ता. क. गादी तुझी आहे. पोलिसाला मी तेच सांगितलं, "ओझं नाही हो, माझ्या ताईची गादी आहे." मग त्याने चौक थांबवून स्वतःच्या हाताने दोरी आवळली.

ता. क. दुसरा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू स्वतः केवढीशी होतीस! तरी डोक्यावर दळणाचा डबा, हातात दुधाचं भांडं आणि कडेवर मी. माझे पाय तुझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबायला लागले तरी तू मला खाली ठेवलं नाहीस. आपल्या घरातली पहिली स्कूटर तूच होतीस, ताई. तेव्हा मी तुला ओझं झाले होते का? झाले असेन तर तसं स्पष्ट कळव. नसेन, तर ते वाक्य परत घे. मला तुझी फार आठवण येते, आणि तुझ्या त्या जिन्याची फार भीती वाटते.

ता. क. तिसरा (ह्यांच्या अक्षरात). ताईंना नमस्कार. मी पडलो नाही, उतरलो होतो. मासिकं रद्दीत दिली आणि खिडकीशी मशीनला जागा केली आहे. उजेड डावीकडून येतो, आपल्याला तसाच लागतो ना? नळ अजून गळतो आहे.

ता. क. शेवटचा. काल बसेलकाकांना विचारलं, "एक शिलाई मशीन, एक पेटी आणि एक हट्टी बहीण." काका दोन पावलं मागे सरले. एक डोळा मिटला, मग दुसराही मिटला, आणि माझ्या देखत पहिल्यांदाच म्हणाले, "नाही बसणार." काकांनी डोळे उघडले. "दोन खेपा करा," ते म्हणाले. "आधी बहीण."

तर रविवारी सकाळी येते, मागची सीट रिकामी घेऊन.