मढच्या पोरीचं टॉनिक

आई, तू एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायला बघते आहेस आणि जोडी पुन्हा पुन्हा सुटते आहे. शेजारी बसलेली लहान मुलगी शेवटी ती तुझ्या हातातून घेते, नीट अडकवते, वाळवणाच्या दोरीवर टाकते. "मला जमायचं नाही बाई," तू म्हणतेस. ती हसत नाही. पण उठूनही जात नाही.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. अंधेरीच्या दवाखान्यात तू नर्स होतीस आणि रविवारी वर्सोव्याहून तरीने खाडी ओलांडून मढला जायचीस, मुलांना डोस पाजायला. घरी एकटी नको म्हणून मला न्यायचीस. त्या मुलीच्या आजीने तुझ्याकडे टॉनिक मागितलं होतं. पोर जेवत नव्हती, बोलत नव्हती, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. तिचा बाप समुद्रात गेला तो परत आला नव्हता. होडी सापडली, तो नाही. पोरीला मामाकडे पाठवून घरच्यांनी त्याचे दिवसही केले. तिला सांगितलं, बाबा वेरावळला कामाला गेला. तिला संशय येऊ नये म्हणून तिची आई अजून कुंकू लावत होती.

"ल्हान हाय ती, तिला काय समजतं गो बाय," आजी म्हणाली. "तू बाटली दे."

"देते मावशी. पण भूक बाटलीने नाही यायची."

मग तू दोरीपाशी जाऊन बसलीस. मुलीला काहीच विचारलं नाहीस. बऱ्याच वेळाने तीच बोलली. "आई निजताना कुंकू पुसते. सकाळी परत लावते."

"आणि तू?"

"मी डोळे मिटून घेते. नायतर तिला समजेल, मी बघितलं."

तू उठून तिच्या आईकडे गेलीस. "तिला ठाऊक आहे गं. तुला त्रास नको म्हणून गप्प आहे ती. आज तूच सांग तिला."

"आणि पोरीनं हाय खाल्ली तर?" आजीने विचारलं.

"मी रविवारी येतेच आहे. त्याआधी काही वाटलं तर तिला दवाखान्यात घेऊन या. मी तिथेच असते." पोरीची आई चुलीत लाकूड सारू लागली. हो म्हणाली नाही.

परतताना तरीत मी तुझ्याकडे बघत होते. माझे बाबा गेले तेव्हा तू मला शाळेतून आणलंस आणि चपला काढायच्या आधीच सांगितलंस. तो राग मी मनात धरून होते. त्या तरीत तो गेला. तुला सांगायचं मात्र राहिलं. आज लिहून सांगते आहे, आणि हा कागदही माझ्याच कपाटात राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मढची मासेवाली आपल्या दारात निरोप घेऊन आली. आईने पोरीला सांगितलं होतं. दोघी खूप रडल्या. पोरीने अजून काही खाल्लं नव्हतं, आईच्या मांडीवर झोपली होती. तू म्हणालीस, "झोपू दे," आणि कामाला निघालीस.