मलिदा जेवणात धरला नाही

आदरणीय डॉक्टरसाहेब,

काल माईंनी तुमची वही पाठवली. 'यांचं अक्षर मला लागत नाही. तुम्ही लिहिणारे, तुम्हीच ठेवा,' असा निरोप होता. त्यांना काय ठाऊक, वही कुणाच्या हाती दिली ते!

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. समोर बसून सांगायचं ते आता कागदावर सांगतोय. उलट प्रश्न यायची भीती नाही. आमच्या विनोदी लिखाणाच्या धंद्यातली माणसं अशीच शूर असतात.

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक आईला तुम्ही विचारायचात, मागचा सण कसा झाला? बायका हसायच्या. पण आपल्याकडं रोज ज्वारी आणि गहू सणाला. काही लेकरांची पोटं सणानंतरच्या आठवड्यात बिघडायची. रोज पोळी खाणाऱ्या घरांत तशीच पोरं बारा महिने सुकलेली. यावरून तुम्ही ताडलंत की काही पोटांना गहूच सोसत नाही. लोकांना हवी होती बाटलीतली लाल दवा. तुम्ही सांगायचात भाकरी.

मी सोलापूरच्या साप्ताहिकात टोपणनावानं लिहिलं, 'आमच्या डॉक्टरांची दवा जात्यातून पडते.' ते कात्रण तुम्ही वहीत चिकटवून ठेवलंय! खाली एक शब्द नाही. एखादी शिवी तरी लिहायची होती, साहेब.

मग माझीच शारदा आजारी पडली. चार वर्षांची, हातापायाच्या काड्या, पोट नगाऱ्यासारखं. तुमच्या दारात आलो, तर कात्रणाचा विषयसुद्धा काढला नाहीत. गहू बंद म्हणालात. रवा, शेवया, बिस्कीट, सगळंच. घरात पोळी थांबली. पाहुण्यालाही भाकरी वाढली. माझे मेव्हणे त्यावरून अजून फुगलेले आहेत.

तरी पोर सुधारेना. दर पंधरा दिवसांनी तुम्ही विचारायचात, चुकून काही खाल्लं का? माझी बायको कमल पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगायची, "भाकरीबिगर घास न्हाय गेला, साहेब."

ती खोटं बोलत नव्हती. दर गुरुवारी मी शारदेला दर्ग्यावर न्यायचो. नवस केला होता. नवसांची टिंगल करून ज्याचं नाव झालं, त्यानं! पोर वाळलेली बघून मुजावरचाचा तिची ओंजळ भरायचे. मलिदा. गव्हाच्या पोळ्या कुस्करून गूळ-तूप घातलेला.

आम्ही लपवलं का? नाही. प्रसाद जेवणात कोण धरतं? तुम्ही जेवणाचं विचारलंत, आम्ही जेवणाचं सांगितलं. प्रसादाचं विचारायचं तुम्हालाही सुचलं नाही, एवढी एक तक्रार माझी राहू द्या.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत आम्ही निजामाची हद्द ओलांडून बार्शीला गेलो. छावणीत भाकरी आणि चटणी, दुसरं काही नाही. चार महिन्यांत शारदेच्या गालावर मांस चढलं! परत आल्यावर नवस फेडायला गेलो, पातेलंभर मलिदा घेऊन. पोरीनं तो पोटभर खाल्ला. तिसऱ्या दिवशी तिचं पोट वाहायला लागलं. उंबऱ्यावर तिला धरून बसलो होतो, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

चार दिवसांनी ती सावरली, आणि मी तुमच्याकडं आलो. तुम्ही अंथरुणाला खिळलेले.

"पोरगी कशीय?"

"बरीय."

तुम्ही उशीवरून अर्धे उठलात. "कशानं बरी झाली?"

साहेब, याच प्रश्नासाठी तर मी आलो होतो! आणि नवसाचं सांगायची लाज वाटून म्हणालो, "वयानं झाली असेल."

"असेल," म्हणत तुम्ही आडवे झालात. मी चहा पिऊन, नव्या सरकारवर दोन कोट्या करून निघालो.

तुमच्या एका शंकेला मी उत्तर दिलं नाही, एवढंच मला वाटत होतं. आज वही उलटली. 'शारदा, वय चार. गहू पूर्ण बंद. घरचे विश्वासू. गुण नाही. माझं अनुमान चूक असावं.' त्यापुढं कोरी पानं. गव्हाबद्दल हैदराबादला पाठवायचा अहवाल तिथंच घडी करून ठेवलेला, उर्दूतली सुवाच्य नक्कल, खाली सही नाही.

घरचे विश्वासू! इतका बोचरा टोला मला उभ्या जन्मात जमला नाही, आणि तुम्ही तो मनापासून लिहिलात.

थकलो, साहेब. लोकांना हसवून हसवून थकलो. त्या ओळीखाली आज मी एक ओळ लिहिली आहे: 'दर गुरुवारी मलिदा खात होती. बापानं सांगितलं नाही.' उद्या वही आणि शारदा, दोघींना घेऊन दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांकडं जाईन. त्यांनी ऐकलं नाही तर परवा पुन्हा. साप्ताहिकातही हे सगळं छापीन, टोपणनावाशिवाय. आणि यापुढं पोट धरून आलेलं कुठलंही लेकरू दिसलं, तर त्याच्या आईला आधी विचारीन: प्रसाद काय खाल्ला?

पत्राखाली 'आपला विश्वासू' लिहायची रीत आहे. ती माझ्यानं होत नाही.

शारदेचा बाप