धीरज उत्तरेकडे तोंड करून बसतो

३ नोव्हेंबर

ही डायरी सुगतने जानेवारीत आणून दिली. बाबा, मनात येईल ते यात लिहा, म्हणजे मला झोपेतून उठवून सांगावं लागणार नाही, असे म्हणाला. इतके महिने एक अक्षर लिहिले नाही. उशिराबद्दल माफी असावी. वाचणारा मीच, तेव्हा माफी कोणाकडे मागतो आहे ते सांगता येत नाही. आधी प्रकृती, मग चष्मा, मग उन्हाळा.

आज लिहिण्यास कारण घडले. घरी कासव आले.

वरच्या मजल्यावरचे हरिहर मिश्रा कायमचे बंगळुरूला मुलाकडे निघाले. कासव नेता येत नाही म्हणून पाण्याच्या टबासकट मला दिले. म्हणाले, भाईसाहब, उत्तर दिशा में रखिए, घर का आदमी घर में टिकेगा. मी त्यांना तोंडावर सांगितले की आम्ही बौद्ध लोक, आमच्यात असले मानत नाहीत. मग कासव घेतले. केवळ जीवदया म्हणून.

आमची बायको सुभद्रा म्हणाली, एवढं टिकवणारं कासव होतं तर मिश्राजी घर सोडून कसे चालले? या बाईला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

हॉलमध्ये ठेवणे बरे वाटले नाही. तिथे बाबासाहेबांचा फोटो आहे. बाल्कनीत ठेवले. बाल्कनी उत्तरेला निघाली, त्याला बिल्डर जबाबदार.

वेगळी बाब: सुगतच्या ऑफिसात बदल्यांची यादी निघणार आहे. आसामातल्या दिब्रुगडचे नाव कानावर आले. याचा कासवाशी संबंध नाही, म्हणून वेगळी लिहिली.

४ नोव्हेंबर

नात शर्वरीच्या शाळेच्या नकाशात दिब्रुगड पाहिले. आमच्या लखनौच्या जानकीपुरमपासून वीत ठेवली तर वीत पुरत नाही. सुगत गेला तर मला बीपीच्या डॉक्टरकडे कोण नेणार? सून नीलम नेते म्हणाली. पण ती स्कूटी फार जोरात चालवते. शिवाय डॉक्टरसमोर माझ्या आधी बोलते. सुगत गप्प बसतो. डॉक्टरकडे गप्प बसणारा माणूस लागतो.

संकल्प: काळजी करायची नाही. तो वेळ कासवाला द्यायचा.

७ नोव्हेंबर

कासवाचे नाव धीरज ठेवले. शर्वरी म्हणाली, दादू, ये तो मोमो जैसा दिखता है. आता घरात सगळे मोमो म्हणतात. मी एकटा धीरज म्हणतो. तो कोणत्याच नावाला वळत नाही, म्हणजे अजून निर्णय झालेला नाही.

पोळी खात नाही. दूध पीत नाही. पारले बिस्किटाकडे पाहून मान आत घेतली. स्वाभिमानी प्राणी आहे.

१० नोव्हेंबर

टबातले पाणी काढून टाकले. या थंडीत पाण्यात बसून कोणालाही न्यूमोनिया होईल. बुटांच्या खोक्यात माझे जुने स्वेटर घालून त्यावर बसवले. नीलम म्हणाली, बाबा, त्याच्या बोटांना पडदे आहेत, तो पाण्यातला आहे. नीलम सरकारी औषध संशोधनाच्या संस्थेत आहे खरी, पण अकाउंट्समध्ये. बिले पास करून कासव कळत नाही. मी आठवी पास असलो तरी सरकारी दफ्तरात आयुष्यभर फायली सांभाळल्या. एक फाईल कधी भिजू दिली नाही.

१४ नोव्हेंबर, सकाळ

मोबाईलमध्ये होकायंत्र असते हे शर्वरीने दाखवले. बाल्कनी उत्तरेला असली तरी धीरजचे तोंड पश्चिमेला निघाले. थोडे वळवले. ऊन मिळावे म्हणून.

सुभद्रा मागे उभी होती. म्हणाली, उत्तरेला ऊन कधीपासून यायला लागलं?

तिला चहा करायला सांगितले. म्हणाली, आता दिशा कळल्या ना, स्वयंपाकघर पूर्वेला आहे.

२० नोव्हेंबर

मोठी बातमी. रात्री जेवताना नीलम म्हणाली, बाबा, ते बदलीचं पुढे ढकललं, आता मार्चनंतर बघू. सुगत खाली मान घालून भात कालवत होता. आनंद झाला असणार, दाखवत नाही. माझ्यावर गेला आहे.

धीरजला आणून पंधरवडा उलटला आणि बदली थांबली. निव्वळ योगायोग. योगायोगाची नोंद ठेवणे हे विज्ञानच आहे.

संकल्प: खोक्याची दिशा रोज दोन वेळा तपासणे.

२६ नोव्हेंबर

विहारात संविधान दिन. माझे भाषण झाले, विषय वैज्ञानिक दृष्टिकोन. चांगले रंगले. अंगठ्या, लिंबू-मिरची, वास्तुवाले, कोणाला सोडले नाही. टाळ्या पडल्या.

मग आमचे सेक्रेटरी पंढरीनाथ मेश्राम उठले. एअरफोर्सच्या स्टोअरमधून रिटायर झालेले, आवाज अजून परेडचा. सर्वांसमोर विचारतात, दयारामजी, तुमच्या घरी उत्तरेला कासव बसवलंय म्हणे?

मी म्हणालो, बसवलेले नाही, राहते. जीवदया हेही संविधानातले कर्तव्य आहे, आणि वैज्ञानिक दृष्टीच्या अगदी शेजारी लिहिले आहे. चालता प्राणी आहे, स्वतःची दिशा स्वतः निवडतो.

मागच्या सतरंजीवरून बायकांमधून कोणीतरी म्हणाले, मग मोबाईल घेऊन कोण फिरवतं त्याला?

हॉल हसला. सुभद्रा सर्वात जास्त. घरभेदी कोण ते कळले. परतताना ई-रिक्षात तिच्याशी बोललो नाही. तिच्या लक्षात आले नाही.

६ डिसेंबर

आजचा दिवस मोठा. विहारात जाऊन वंदन करून आलो. आज खोके फिरवले नाही. मन धजले नाही.

७ डिसेंबर

फिरवले.

१३ डिसेंबर

सुगतने मोठी सुटकेस आणली, सोबत रेनकोट. डिसेंबरात रेनकोट कशाला, विचारले. सेल लागला होता बाबा, म्हणाला. पोराला बचतीची अक्कल आली. मार्चनंतर आम्हाला कुठे फिरायला नेण्याचा विचार दिसतो. मी विचारणार नाही. त्याला सरप्राइज देऊ द्यावे.

१९ डिसेंबर

धुके इतके की समोरची पाण्याची टाकी दिसत नाही. धीरज सकाळपासून हलला नाही. मान आत, पाय आत. हाक मारली. मोमो म्हणूनही हाक मारली, कोणी ऐकत नाही हे पाहून. काही नाही.

हा गेला तर सुगत... पुढे लिहीत नाही. मी मानत नाही.

सुभद्राला बोलावले. तिने बोटाने पाठीवर टकटक केले आणि म्हणाली, झोपलंय. तुम्ही जेवल्यावर असेच पडता, मी कधी रडले का?

मी रडत नव्हतो. धुक्याने डोळ्यांना पाणी येते.

दुपारी नीलमने मला न विचारता त्याला थोड्या कोमट पाण्यात ठेवले. पाऊणएक तासात मान बाहेर आली. माझ्या स्वेटरची ऊब आता कुठे लागू पडली.

२ जानेवारी

संकट. शर्वरीच्या शाळेत वन्यप्राण्यांवर तास झाला. शर्वरीने हात वर करून सांगितले, मैम, हमारे घर में मोमो है. फोटोही दाखवला. मॅडमनी नीलमला फोन केला. हे नदीतले कासव, पाळायला बंदी. गुन्हा आहे, तुरुंगसुद्धा होऊ शकतो.

नीलम म्हणाली, बाबा, घर सुगतच्या नावावर आहे, उद्या कोणी तक्रार केली तर त्याचं नाव जाईल.

सरकारी नोकर. निलंबन. वर्तमानपत्रात फोटो. बीपी मोजले नाही, कळून उपयोग नव्हता.

मी म्हणालो, गोमतीत सोडून येतो. नीलम म्हणाली, या थंडीत मरेल ते, कुकरैलला वन विभागाचं केंद्र आहे, तिथे द्या, आणून देणाऱ्याला ते काही करत नाहीत.

मी प्रश्न विचारला: द्यायचे आणि मग मार्च? नीलमने विचारले, मार्चचं काय? काही नाही म्हणालो.

५ जानेवारी

दिले.

स्टीलच्या डब्यात घालून, झाकण अर्धे उघडे ठेवून, वर मफलर. ऑटोवाल्याने विचारले, चाचा, क्या है? मी म्हणालो, खिचडी. खिचडीने आतून पायाने डबा खरवडला. त्याने गाण्याचा आवाज वाढवला. लखनौचे लोक सभ्य आहेत.

केंद्रातल्या मुलीने उलटेसुलटे करून पाहिले. म्हणाली, बाबूजी, मादा है, और सूख गई है, पानी में क्यों नहीं रखा? मी म्हणालो, मिश्राजींनी असेच दिले होते. मिश्राजी बंगळुरूला आहेत, त्यांना काय फरक पडतो.

तिने पाण्यात सोडली. सरळ तळाला गेली. कोणत्या दिशेने ते पाहायचे होते, पण मोबाईलची बॅटरी संपली होती.

रिकामा डबा घेऊन आलो. शर्वरीने आत डोकावून पाहिले आणि झाकण लावून टाकले.

६ जानेवारी

आता काय होणार ते उघड आहे. मी मानत नाही. पण उघड आहे.

८ जानेवारी

तीन रात्री विचार केला. निर्णय घेतला. बदली येण्याआधी मीच सुगतला परवानगी देणार. बाप म्हणून मोकळे करणार. पोराच्या प्रगतीत आडवा येणारा मी नव्हे. भाषण मनात तयार आहे. घरचे रडतील, त्यांना आवरावे लागेल.

९ जानेवारी, रात्रीचे जेवण झाल्यावर

भाषण केले. सुगत, म्हणालो, मार्चमध्ये ऑर्डर आली तर माझ्याकडे पाहू नकोस. दिब्रुगड असो की आणखी लांब. जा. मी खंबीर आहे.

कोणी रडले नाही. नीलमने ताटाकडे पाहिले. सुगतच्या हातातला घास तसाच राहिला.

सुभद्रा म्हणाली, आता सांगून टाका रे.

ऑर्डर नोव्हेंबरातच आली होती. पुढे ढकलली वगैरे काही नाही. सुगतने साहेबांकडून जानेवारीपर्यंत मुदत मागून घेतली, एवढेच. विमान सोमवारी आहे. माझे बीपी चढते म्हणून माझ्यापुरती बदली थांबवली होती.

शर्वरीला विचारले, तुला माहीत होते? म्हणाली, दादू, सबको पता था. मम्मी ने बोला था, जब तक मोमो है, दादू खुश हैं.

सुगत म्हणाला, बाबा, तुम्ही रोज सकाळी त्या खोक्यापाशी बसायचा ना, मला सांगवेना.

मी म्हणालो, मला अंदाज होताच. उठून बाल्कनीत गेलो. तिथे बघायला काही नव्हते.

१२ जानेवारी

अमौसी विमानतळावर सोडायला गेलो. नीलमची स्कूटी नव्हती, टॅक्सी केली. दारावर सुगतने वाकून जय भीम केला. मी म्हणालो, तब्येत सांभाळ. एवढेच आठवले. भाषण शुक्रवारीच खर्च झाले होते.

आत जाताना त्याने मागे पाहिले. मी खिशात काहीतरी शोधत होतो. वर पाहिले तेव्हा दाराशी दुसरेच लोक होते.

काळजी करत नाही. विमान सुरक्षित वाहन आहे, शर्वरीने सांगितले. नीलम म्हणाली, उद्या डॉक्टरकडे हळू चालवीन. आणि तिथे बोलणार नाही. हे तिला कोणी सांगितले ते कळत नाही, मी तर फक्त या डायरीत लिहिले होते.

दुपार. सुगतला मेसेज लिहिला, शर्वरीने पाठवून दिला. विमान तेव्हा उडालेही नव्हते. इथे उतरवून ठेवतो:

सुगत, पोहोचलास की कळव. कोलकात्याला विमान बदलताना कळव. खोली मिळाली, जेवण कसे, पाऊस आहे का, कळव. मोठे लिहू नको, दोन शब्द चालतील. मी जागा आहे. लवकर कळव.