तिसरं दार

मोन्तेसेको, २१ मार्च

प्रिय अगातिना वन्सं यांना,

प्रभूची शांती तुमच्या घरी असो. तुमचे गुडघे आता कसे आहेत? इकडे ऊन पडू लागलंय, पण ह्यांची सर्दी अजून गेली नसेल.

यंदा संत योसेफाची पंगत आपल्या घरी होती. वर्षभर शिळा पाव वाळवून चुरा साठवला होता, तोच स्पगेटीवर घातला. रानबडीशेप मीच खुडून आणली. चणे छान शिजले होते म्हणे. मी चाखले नाहीत.

सासूबाईंच्या वेळी योसेफ, मरिया आणि बाळ येशू म्हणून गावातली खरोखरची उपाशी माणसं बसायची. आपण त्यांचे हात चुंबायचो. यंदा उत्सवाच्या समितीने वकिलाच्या नातीला मरिया केलं. रेशमी झगा, ओठ रंगवलेले! योसेफ तिचा ढेरपोट्या मामा. मी बोलले, तर फादर सारो म्हणतात, "फोटोत बरं दिसायला नको का, नुन्झिया?" शिसारी आली मला.

पहिल्या दोन घरांनी दारात आलेल्या ह्या संतांना "जागा नाही" म्हणून हाकलायचं आणि तिसऱ्याने "या, घर तुमचंच" म्हणायचं, ही आपली रीत. तिसरं दार आपलं होतं.

थाप पडली. बाहेर न्देये उभी. आपल्याच बागेत संत्री तोडणारी ती सेनेगलची बाई, दिवस भरलेली. मागे तिचा नवरा मोदू. त्यांचं प्लास्टिकचं खोपट सकाळी जळालं होतं. आज इथे कुणाला परत पाठवत नाहीत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

दारातून ह्यांचं उत्तर गेलं, "जागा नाही. पुढे व्हा."

आत एकच हशा पिकला. "अहो कालोजेरो, चुकलात! ते पहिल्या दाराचं बोलणं!" आणि कुणीतरी टाळ्या वाजवत, "यंदा मरिया काळी आणली काय?"

"चुकलो, चुकलो," म्हणत ह्यांनीही हसून कडी लावली.

वन्सं, ते चुकले नव्हते. मी मागेच उभी होते. तुमच्या भावाने आधी तिच्या पोटाकडे बघितलं, आणि मग ते शब्द उच्चारले.

वकिलाची नात आली, फोटो निघाले, फादर प्रार्थना म्हणू लागले. मी कडी काढली. ती दोघं पायरीवरच बसली होती. हाताला धरून आत आणलं आणि वकिलाच्या नातीला म्हटलं, "ऊठ गं पोरी, ही खुर्ची हिची आहे."

"नुन्झिया, तमाशा नको!" हे ओरडले.

"तमाशा तर सकाळपासून चाललाय."

पाहुणे एकेक करून निघून गेले. फादर सारो मात्र पोटभर जेवून गेले.

"ही इथे राहणार असेल तर मी नाही," म्हणून हे बाहेर पडले. ते तुमच्याकडेच आले असणार. त्यांना गरम सूप द्या, लोकरीची बंडी पाठवते आहे. पण त्यांचा अपमान झाला म्हणून कुरवाळू नका, आणि मला समजवायचं पत्रही लिहू नका. न्देयेचं बाळंतपण याच घरात होईल. ह्यांना परत यायचं असेल तर आधी तिच्यासमोर उभं राहून, काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. तोवर ह्यांचं ताट वाढायची माझ्या हातांना किळस येते.

तुमची भावजय, अजून तरी,
नुन्झिया