नीलगड पुन्हा उघडलं

११ जानेवारी, रविवार
नीलगडच्या जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर आज मतदान झालं. गेम नव्यानं बांधायचा हे नक्की. पण डाउनलोड करून बसवायचा, का पहिल्यासारखा ब्राउझरमध्ये? डाउनलोडवाले सत्तावीस. ब्राउझरवाले चार, त्यात मी.

धाकटा मिलिंद आणि मी जालन्याला कॉलेजात होतो तेव्हा मस्तगड भागातल्या नेट कॅफेत शेजारशेजारच्या मशीनवर बसायचो. मी हकीम, तो तिरंदाज. त्याच्या डोक्यावर नाव, मस्तगड_टायगर. लांडग्यानं त्याला फाडलं की मी पाला लावायचे. तेवढ्यात तो खुर्चीतून ओरडायचा, "ताई, जल्दी!" सगळं कॅफे वळून बघायचं.

मग ब्राउझरच्या ज्या प्लगइनवर ते चालायचं तेच बंद झालं. नीलगड गेलं. मिलिंद त्याच्या वर्षभर आधीच घरातून गेल्ता.

१३ जानेवारी
केदारचा फोन. नाशिकचा, सगळा कोड तोच लिहितो. प्रत्यक्ष कधी भेटलो नाही, पण बारा वर्षांची ओळख.
"मॅडम, हट्ट का करताय? बाजारात चाळीस माणसं जमली की ब्राउझर धापा टाकेल. मोबाइल तापेल. लढाई तर विसराच."
म्हटलं, "डाउनलोड ज्याला खेळायचंय तो करेल. ज्याला यावं का नको तेच कळत नाही, तो न्हाई करणार. तो फार तर एका लिंकवर बोट ठेवेल."
त्यानं विचारलं, "कोण आहे तो?"
"माझा भाऊ."
यापुढं काही सांगितलं नाही. काय सांगू? मि.चा नंबर आहे माझ्याकडं. तो उचलत नाही. मेसेजला दोन निळ्या रेघा येतात, उत्तर येत नाही. सात वर्षं.

२० जानेवारी
केदारनं शेवटी ब्राउझरवर करून बघायचं कबूल केलं; माझा कॉम्प्युटर क्लास सुटल्यावर तिथल्या बाराही मशीनवर चाचणी. जुन्या मशीन आहेत, पण बारा जण छान चालले. बाकीचे आपापल्या गावाहून आले, तीस झाले आणि बाजारात सगळं थिजलं. माझा हकीम एक पाय उचलून उभा. केदारनं लिहिलं, "बोललो होतो." खूप राग आला. खरं बोलला म्हणून जास्त.

२९ जानेवारी
चार मतांसाठी माणूस नऊ दिवस राबला. आता जवळ असतील तेवढीच माणसं पूर्ण दिसतात, लांबची नुसते ठिपके. चित्रं लागतील तशी येतात. मी स्टेशनच्या बाकावर बसून मोबाइलवर बघितलं. दोन दांड्या रेंज, तरी उघडलं. विहीर, वडाचा पार, बाजार. सगळं तिथंच. एकटी बसून हसत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "व्हिडिओ कॉल आहे का?"
मोठी लढाई अजून अडखळते. केदार म्हणतो ती अडखळणारच. चालणं-बोलणं मात्र बराबर. मला तेवढंच पाहिजे.

१ फेब्रुवारी, रविवार
उघडलं. सकाळी दहाला मि.ला फक्त लिंक पाठवली. खाली एक अक्षर लिहिलं नाही. सव्वादहाला रेघा निळ्या.

४ फेब्रुवारी
नाही.

६ फेब्रुवारी
नाही. हकीमला विहिरीजवळ उभं करून ठेवते आणि क्लास घेते. पोरं एक्सेल शिकून राह्यले, माझं लक्ष दुसऱ्या टॅबवर. बाबांनी जेवताना विचारलं, "कोणाची वाट बघून राह्यली?" म्हटलं, "कोणाची न्हाई."

बाबा. जिल्हा परिषदेचे मास्तर, आता रिटायर. सभेत आंतरजातीय लग्नावर तासभर बोलायचे, लोक टाळ्या वाजवायचे. मिलिंदनं कुंभार पिंपळगावच्या अर्चनाचं नाव काढलं, ती दुसऱ्या समाजातली, तेव्हा म्हणाले, "तिला घेऊन या दारात येऊ नको." तो नाही आला. मीही तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. बाहेर आले नाही.

९ फेब्रुवारी
तो आल्ता.
दुपारी सव्वाएकला. मी पोरांचे फॉर्म भरत होते, नीलगड मागच्या टॅबमध्ये. संध्याकाळी टॅब उघडला तर ओळी पडलेल्या.
मस्तगड_टायगर: ताई?
मस्तगड_टायगर: आहेस का
मस्तगड_टायगर: बरं
केदारनं नोंदी बघून सांगितलं, अकरा मिनिटं शेजारी उभा होता. मग गेला.
अकरा मिनिटं. आणि मी त्याच्याशेजारी दगडासारखी.

१० फेब्रुवारी
केदारवर ओरडले. तो बिचारा समजावून सांगत होता, टॅब मागं गेला की ब्राउझर त्याला झोपवतो, बॅटरी वाचावी म्हणून. आवाज येत नाही, हालचाल होत नाही. "हीच ब्राउझरची खोड आहे मॅडम. डाउनलोडमध्ये हे झालं नसतं."
म्हणजे माझ्याच हट्टानं तो परत गेला.
मि.ला मेसेज केला, "मी होते रे तिथं, दुसऱ्या कामात होते." निळ्या रेघा. बस.

१२ फेब्रुवारी
केदारनं सर्व्हरकडून घंटी लावून दिली. कोणी जवळ आलं की वाजते, टॅब मागं असला तरी. म्हणाला, "दर वेळी वाजेलच असं नाही." म्हणून मी टॅब मागं टाकतच नाही. फॉर्म दुसऱ्या मशीनवर भरते.

१४ फेब्रुवारी
घंटी वाजली. तास तसाच सोडून मशीनकडं गेले.
मी लिहिलं, "आहे. आहे मी."
त्यानं हकीमभोवती एक चक्कर मारली. मग, "तुझा हकीम अजून तसेच कपडे घालतो."
मी विचारलं कुठं असतो. पुण्याकडं, कंपनीत, कंट्रोल रूमला. तिथल्या मशीनवर काही बसवता येत नाही, ब्राउझर तेवढा चालतो. जेवणाच्या सुट्टीत येतो म्हणाला. म्हटलं, "फोन का उचलत नाहीस?"
"फोनवर आवाज येतो ताई. इथं नुसती अक्षरं असतात."
मग त्यानंच लिहिलं, "पोरगी झाली. साडेचार वर्षांची आहे."
मी नाव विचारलं तोवर तो नव्हता. सुट्टी संपली असेल. असेलच.

१५ फेब्रुवारी, रविवार
बाबांना सांगितलं. भाजी निवडत होते. हात थांबले. "साडेचार," एवढंच म्हणाले. मग मेथी धुवायला घेतली, एकदा धुतलेली.

१९ फेब्रुवारी
सकाळी चहा घेता घेता बाबा आपणहून बोलले. अर्चनाचे भाऊ आल्ते म्हणे तेव्हा घरी, मी आणि मि. नसताना. काही बोलले नाहीत. नुसते दारात उभे राह्यले आणि गेले.
"मी भ्यालतो, सुजा. तुम्ही दोघं रोज रेल्वेनं ये-जा करायचे."
"मंग त्याला हेच सांगायचं ना बाबा."
"पोराला काय सांगू, मास्तर भ्याला म्हणून?"
चहा तसाच राहिला. सात वर्षं मी ज्या माणसावर रागावले तो आणि हा, दोघांना एकत्र ठेवता येईना.

२० फेब्रुवारी
बाबा म्हणाले, "त्या गेममधे मला चालता येतं का?"
डोक्यावर नाव काय लावू विचारलं. "कायबी लाव. माझं नको, तो निघून जाईल." पाच मिनिटांनी परत आले. "न्हाई, माझंच टाक. रामराव."

२३ फेब्रुवारी, सोमवार
पाऊण वाजता बाबा क्लासात आले. इस्त्रीचा सदरा. शेजारच्या मशीनवर बसवलं. बाणांची बटणं कशी दाबायची ते दाखवलं, तर रामराव थेट झाडात घुसले.
एक वाजून दहा मिनिटांनी घंटी.
बाबा म्हणाले, "यातला तो कोणता?" मी बोट ठेवलं. बाबांनी चष्मा पुसला.
मि.नं लिहिलं, "ताई, हे कोण?" मग नाव वाचलं असणार. चार पावलं मागं गेला. थांबला.
मी हात कीबोर्डवरून काढले. या वेळी बोलायचं ते बाबांनी.
बाबा एका बोटानं टाइप करून राह्यले. "मी" झालं. त्याला दोन मिनिटं लागली. मी बाजूला बसून हे लिहून राह्यले, त्यांच्या स्क्रीनकडं बघायचं नाही म्हणून.
मि. अजून गेलेला नाही.
बाबा विचारून राह्यले, "सुजा, भ कसा काढायचा गं?"