तिसऱ्या हाकेला ओ

बुधवार, ५ नोव्हेंबर १९८६

काल भाऊबीज उरकली आणि आज सकाळी वर्सोव्याहून होडी सोडली. होडी म्हणजे काय, दशरथने चारकोपच्या वर्कशॉपमध्ये दीड वर्ष ठोकून ठोकून उभं केलेलं जुनं लाकूड आणि त्याला एक सेकंडहँड इंजिन. सासूबाई म्हणाल्या, त्यापेक्षा माथेरानला गेला असतात तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं. मी नवऱ्याला नावाने हाक मारते, त्यावरून त्या अजून नाक मुरडतात, तेव्हा हे चालायचंच.

मढ मागे पडलं, मनोरीसमोर चकल्यांचा डबा संपला आणि दुपारी खाडीच्या तोंडाशी हे कालवबेट लागलं. पंचवीसेक घरं, दगडी धक्का, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील. एकदम झकास! आठ दिवस अंधेरीच्या ऑफिसातला टेलिफोन बोर्ड नाही, कानात घंटा नाही.

सखुबाई नावाच्या कोळणीने आपणहून घरात जागा दिली. म्हातारी एकटीच असते. मुलगा लहू नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात गेला तो परतलाच नाही. जेवताना तिने एक ताट जास्त वाढलं आणि मग ते तसंच झाकून ठेवलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

इथली रीत आज पाहिली. भरती चढली की बायका धक्क्यावर येतात, न परतलेल्या माणसाच्या नावाने तीन हाका मारतात आणि मगच होड्या सुटतात. हाका चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही. आया पोरांच्या तोंडावर हात ठेवतात. महादू म्हणून एक म्हातारा तांडेल आहे, त्याने आम्हालाही बजावलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, जागा ज्याची त्याला राहू दे.

पण मला ते ऐकवेना. मी टेलिफोन ऑपरेटर. बारा वर्षांत एक घंटा वाजत ठेवली नाही. सखुबाई "लहू रे" म्हणून पाण्याकडे हाक मारतेय आणि पलीकडून कुणीच उचलत नाही, असं वाटत राहिलं. आम्ही होडीत बसलो होतो. दशरथला कोपराने ढोसलं, म्हटलं, "दे की ओ. म्हातारीला तेवढंच बरं वाटेल."

तो पहिल्यापासून नाटकी. तिसऱ्या हाकेला त्याने मोठ्याने ओ दिली.

आता शिव्या पडणार असं वाटलं, पण कुणीच रागावलं नाही. सखुबाई कमरेएवढ्या पाण्यात उतरली, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "माजा लहू घरा आयला." मला हसू आवरेना. दशरथ हसला नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळपासून दशरथ सखुबाईच्या अंगणात जाळं विणतोय. जन्मात त्याने जाळ्याला हात लावलेला नाही. दुपारी झाकलेल्या ताटावर तोच बसला. उजव्या हाताने जेवला. दशरथ डावखुरा आहे. लहानपणी सासूबाईंनी हातावर चटके दिले तरी डाव्यानेच जेवायचा, हे त्यानेच मला सांगितलं होतं.

मी थट्टा केली. पाहुणीकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

घरी चल म्हटलं. कुणाच्या घरी, असं त्याने इथल्या बोलीत विचारलं. सखुबाईला तो आये म्हणतो. मला खूप भीती वाटते आहे.

महादूला गाठलं, रडले, पाय धरले. त्याने काही लपवलं नाही. ओ देणारा पाण्यात जातो आणि पाण्यातला त्याच्या अंगात येतो, म्हणाला. अंग तुझ्या नवऱ्याचं, माणूस लहू. तुझा माणूस आता लहूच्या जागी. शेवटी म्हणाला, "तिकडून हाक आली तं गप रव, पोरी."

भरतीला बायका आल्या. आज लहूचं नाव नव्हतं. सखुबाईनेच हाक मारली — दशरथ. तीनदा. तिच्या घरी माणूस परतला, म्हणून तिलाच मारावी लागते म्हणे. मी ओरडणार तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या तोंडावर हात दाबला. वळून पाहिलं तर तोच. उजवा हात.

रविवार, ९ नोव्हेंबर

मीच म्हटलं होतं. दे की ओ. मीच.

महादू उद्या भरतीला मनोरीपर्यंत पोचवतो म्हणाला. सासूबाईंना काय सांगू — त्यांचा मुलगा इथे जाळं विणतोय, आणि तो त्यांचा मुलगा नाही —

सोमवार, १० नोव्हेंबर, सकाळ

महादूच्या होडीत बसलेय. बॅग चढवली. तो वल्हं आणायला गेलाय. धक्क्यावर कुणी नाही. बायका अजून आल्या नाहीत.

वने.

पाण्यातून. इथे कुणी मला नावाने हाक मारत नाही. वने म्हणणारा एकच —

पुन्हा. अगदी जवळून. फळीच्या खालून. गारठलेला आवाज. त्याचाच.

तोंडावर हात धरलाय. गप्प राहिले तर आज घरी. बोर्ड, घंटा, सासूबाई. आणि तो खाली असाच — किती भरत्या —

मीच म्हटलं होतं.

तिसरी. मी ओ दे

वने

कुठे आहेस. वर आलो. होडीत कुणीच नाही. ही वही मांडीवर. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर नीट येत नाही — हातात बांगड्या आहेत. तुझ्या. वने, हे हात तुझे —

थांब. मी हाक मारतो. तू फक्त ओ